ढोलीतली मादी

उंबरं पिकून खाली सडली की त्यांचा आंबूस-गोड वास सुटतो आणि मला बदलापूरमागच्या डोंगरातली ती दुपार आठवते. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी माझी ताई आणि मी पक्षी बघायला गेलो होतो, तर रस्त्यासाठी नुकतंच एक जुनं झाड पाडलेलं. करवतवाला आमच्याकडे धावत आला. "मॅडम, ढोलीत पक्षी होता, कसम से माहीत नव्हतं!" त्याच्या टॉवेलात धनेशाची मादी होती. अंडी उबवण्यासाठी तिने ढोलीचं तोंड आतून लिंपून स्वतःला चिणून घेतलं होतं; उरलेल्या फटीतून नर तिला भरवायचा. झाड पडताना अंडी फुटली होती आणि पंखांची पिसं झडल्यामुळे तिला उडताही येत नव्हतं. मी म्हटलं, "अंबरनाथला आमच्या वडावर धनेश येतात, तिथे सोडू या." "ते हिचे चुलत भाऊबंद," ताई म्हणाली. "ते माळावर, गावात राहायला शिकले. हिच्या जातीचे सह्याद्रीच्या रानातच राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या वेगळे होत गेले. हिच्या चोचीवर त्यांच्यासारखं शिंगसुद्धा नाही. ते हिला ओळखणारही नाहीत गं. हिला ओळखेल तो फक्त हिचा नर." तेवढ्यात तो आलाच, चोचीत पिकलेलं उंबर घेऊन. तिला जवळच्या फांदीवर ठेवून आम्ही लांब झालो. तिने हाक मारली, पण ढोली जिथे होती तिथल्या रिकाम्या हवेत तो पुन्हा पुन्हा फडफडत राहिला. "अरे, इकडे बघ ना!" ताई रडत ओरडली. ऊन उतरल्यावर तो डोंगरापलीकडे निघून गेला. मादी आम्ही घरी आणली, पण ती सकाळ बघू शकली नाही. ताई अजूनही वर्गात अशा चुलत पक्ष्यांचा धडा शिकवते. त्यात धनेश आला की मात्र मुलांना म्हणते, हे घरी वाचा.