मिचकूमामा आणि धुरकट दुर्बीण

कालव्याकाठच्या रस्त्याने आम्ही निम्मं अंतर चाललो असू, तेव्हा मामा म्हणाला, "जरा टेकू या." नेमबाजीच्या मैदानाहून घरापर्यंत बस आहे, तरी तो चालतच जातो. दिवसभर लांबचं जवळ आणून पाहिल्यावर, म्हणतो, संध्याकाळी लांबचं लांबच राहू द्यावं.

रायफलवर बसवायच्या दुर्बिणी तपासणं हे मामाचं काम. दुर्बीण लाकडी पकडीत घट्ट आवळायची. आतली नेमाची फुली दूरच्या कागदावर ठेवायची. दुर्बिणीवरच्या चकत्या टकटक फिरवत ती वर, उजवीकडे, खाली, डावीकडे न्यायची. निघाली तिथेच परत आली, तर दुर्बीण खरी. सगळं उजव्या डोळ्याने; डावा कायम मिटलेला. म्हणून मैदानावर तो मिचकू.

"लग्नाच्या फोटोतही एकच डोळा आलाय," मामी सांगते. "दुसऱ्याची वाट बघतेय."

कठड्यावर बसून त्याने पिशवीतून मोज्यात गुंडाळलेली दुर्बीण काढली. आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या मुलीची; ती मैदानावर नेमबाजी करते. परवावर तिची निवडीची स्पर्धा आली होती, आणि दुपारीच मामाने तिला सांगितलं होतं की आत धुकं आहे, ही वापरू नकोस.

"लगेच ऐकलं गं पोरीने. माझ्या हातात ठेवली आणि उसनी शोधायला गेली. हल्ली काचाच धुरकट येतात, बघ."

मी पिशवीची घडी करून तिच्यावर दुर्बीण टेकवली आणि डोळा लावला. पाण्यापलीकडची गच्ची अलगद तरंगत माझ्यापाशी आली. एक बाई केस वाळवत होती. ओठांत पिन धरून कोणाशी तरी हसत होती. हसण्याचा आवाज मात्र तिथेच, पलीकडे राहिला होता. डोळे मिटून देवापुढे बसल्यावर कधीकधी असंच होतं. सगळं जवळ, आणि सगळं शांत.

"मामा, धुकं नाहीये."

"पहिल्यांदा बघणाऱ्याला कळत नाही."

"अरे, तिच्या तोंडातली पिन दिसतेय मला."

त्याने दुर्बीण घेतली. बराच वेळ उजव्या डोळ्याने पाहत राहिला.

"डाव्याने बघ की."

"डाव्याला मी कधी कामालाच लावलं नाही," तो म्हणाला. पण त्याने मान वळवून दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली. कालव्यावरून वारा आला, गेला. मामा हलला नाही.

"हसतेय ती," तो अगदी हळू म्हणाला.

मग दुर्बीण मांडीवर ठेवून म्हणाला, "दिव्यांभोवती कडी दिसत होती मला. म्हटलं, नवीन फॅशन असेल."

मी मनात देवाचं नाव घेतलं. "मोतीबिंदू असेल. काढतात."

"तो निघेल गं. पण पोरगी परक्या काचेतून नेम धरतेय, तो माझ्या शब्दावर."

रस्त्यावरचे दिवे लागले. त्याने ते एकदा उजव्याने पाहिले, एकदा डाव्याने. दुर्बीण पुन्हा मोज्यात घालून तो उठला आणि आलो त्याच दिशेला, मैदानाकडे वळला.

"ती सरावाला असेल अजून. सगळेच असतील. काच चांगली आहे, डोळा माझा गेलाय, हे मीच सांगणार. तू फक्त शेजारी उभी राहा. आणि मधेच मी काही विनोद करायला लागलो, तर मला करू देऊ नकोस."