वनजाबाईंचा रिकामा चौकोन

वनजाबाईंना पोलीस घेऊन गेले, ही बातमी देवराज मोहल्ल्यात सकाळच्या दुधाबरोबर घरोघर पोचली. दुपारपर्यंत तिला पाय फुटले. बाईंनी म्हणे वेबसाइट काढून अर्ध्या म्हैसूरला गंडवलं, नि खाकीवाल्याने दुकानातून उठवून नेलं.

तर खाकी शर्ट खरा होता. तो आदल्या दिवशी पाण्याचं मीटर बघायला आलेला माणूस होता. मीटर दुकानाच्या मागे, म्हणून बाई त्याला वाट दाखवायला पुढे चालल्या, एवढंच. पण त्या वेळी बाईंचं तोंड असं उतरलेलं होतं, की बघणाऱ्याने बेडीसुद्धा पाहिली असती. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीने त्याच सकाळी त्यांचं खातं बंद केलं होतं. दसरा तोंडावर आलेला.

वनजाबाई बाहुल्यांचे कपडे शिवतात. इथे लेकीला लग्नात लाकडी राजा-राणीची जोडी देतात, तिला पट्टद गोंबे म्हणतात. दर नवरात्रात ती जोडी मांडायची, तर तिला नवा पोशाख हवा. जरीची एवढीशी साडी, टिचभर फेटा. हा फेटा बाईंसारखा कोणी बांधत नाही, कारण घराण्यात खरे फेटे बांधून राजाच्या फौजेत गेलेली माणसं होऊन गेली. निदान त्यांचे दीर फत्तेसिंगराव तसं सांगतात, आणि न विचारता सांगतात. पण फेटा कितीही सुरेख असला, तरी नवरात्र सरलं की वर्षभर दुकानात माशी फिरकत नाही. जे काय व्हायचं ते नवरात्राआधीच्या महिन्याभरात, आणि अलीकडे सगळं मेसेजवर.

वेबसाइट शेजारच्या प्राणेश नावाच्या पोराने करून दिली. त्यात ऑर्डरच्या खाली मजकूर होता, ‘नव्या मालाचे मेसेज मला पाठवावेत’, आणि शेजारी एक रिकामा चौकोन. बोगादीला राहणारी कांचन, नाशिकहून नोकरीसाठी आलेली, बाईंकडे साडीला फॉल लावायला यायची. तिने बजावलं होतं, “वनजामावशी, हा चौकोन रिकामाच ठेवा हं. खूण गिऱ्हाइकाने स्वतःच्या बोटाने करायची. आपण आधीच करून ठेवली तर ती परवानगी होत नाही.”

“अय्यो, कांचन! दारात आलेल्याला ‘कॉफी घेणार का’ असं विचारतात होय? विचारलं म्हणजे द्यायची नाही, असा अर्थ. पेला समोर ठेवायचा. नको असली तर ठेवेल तसाच.”

“मावशी, ही कॉफी नाही.”

“आतिथ्यच आहे की ग!”

कांचनची पाठ वळताच बाईंनी प्राणेशकडून सगळ्या चौकोनांत खूण करून घेतली. प्राणेशने आणखी एक पराक्रम केला. मेसेजखाली ‘बंद करण्यासाठी इथे दाबा’ अशी ओळ टाकली, पण ती दाबली तरी काहीच होत नसे. पुढे जोडायचं तो विसरला. मोहल्ल्यातल्या बायका दाबून दाबून थकल्या आणि गप्प बसल्या.

गोकुलमची सुष्मा गप्प बसली नाही. सुष्मा बाईंची शाळेतली मैत्रीण. लेकीच्या, पूजिताच्या लग्नासाठी तिने राजा-राणीचा पोशाख मागवला होता, वेबसाइटवरूनच. लग्न ऐन वेळी मोडलं. जोडी कपड्यात गुंडाळून माळ्यावर गेली. आणि श्रावणापासून सुष्माच्या फोनवर मेसेज येऊ लागले, ‘तुमच्या नव्या नवरीच्या राजा-राणीला यंदा कोणता रंग?’ तिने ती ओळ दाबली. पुन्हा आला. पुन्हा दाबली. शेवटी एक मेसेज पूजिताने वाचला, आणि त्याच संध्याकाळी सुष्माने कंपनीकडे तक्रार केली.

हे कळल्यावर वनजाबाई गोकुलमला गेल्या. योग शिकायला आलेल्या गोऱ्या पोरांच्या सायकलींतून वाट काढत दारापर्यंत पोचल्या. सुष्माने दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही.

“मला वाटलं तू मुद्दाम टोचतेस,” ती म्हणाली.

“मुद्दाम? मी? अग, ते मशीन पाठवतं सगळ्यांना.”

“मला पाठव म्हणून मी कधी सांगितलं होतं?”

वनजाबाईंनी पायरीवर काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली. मग सुष्माने विचारलं, “कॉफी घेणार का?” बाईंना ते बरोब्बर कळलं. “बेडा, सुष्मा, नको,” म्हणून त्या पायरीवरूनच परतल्या.

दुकानात प्राणेश आणि फत्तेसिंगराव वाट बघत होते. कंपनीचं म्हणणं होतं, कोणत्या नंबराने कधी परवानगी दिली ते दाखवा, मग खातं उघडू. प्राणेशचं उत्तर तयार होतं. “आंटी, सगळ्यांपुढे एकेक तारीख भरतो. बसल्या बसल्या होतं. कोण बघणार?”

बाईंनी कपाट उघडलं. कपाटात शिवून ठेवलेले फेटे होते, शिवणाऱ्या दोघी मान खाली घालून काजं करत होत्या, आणि मेसेज गेले नाहीत तर हा माल कोणाकडे जाणार, हे त्या दोघींनाही माहीत होतं. मग बाई म्हणाल्या, “सगळे नंबर पूस. चौकोन रिकामे कर. ती बंदची ओळ माझ्यासमोर चालवून दाखव. येईल तिला मी तोंडाने विचारते.”

त्यांनी विचारलंही. काही जणी ‘हो’ म्हणाल्या, बऱ्याच हसून पुढे गेल्या. सुष्मा आली नाही. घटस्थापना झाली तरी अर्धे फेटे कपाटातच होते, आणि बाईंना रात्री झोप लागेना. शिवणाऱ्या दोघींपैकी एकीला त्यांनी, दुसरीकडे काम बघ, असं नजरेला नजर न देता सांगितलं.

फत्तेसिंगराव खुर्चीत बसून मिशी चाचपत होते. “वहिनी, अजून वेळ गेलेली नाही. जुन्या वहीत नंबर असतीलच, लिहून द्या सगळ्यांनी होय म्हटलंय म्हणून. होय म्हणायला लोकांच्या बापाचं काय जातंय?”

वनजाबाईंनी सुई दातात धरली, दोरा ओवला, आणि म्हणाल्या, “मग पहिला नंबर तुमचाच घालते भाऊजी. रोज पहाटे नव्या नवरीचा मेसेज येईल. जाऊबाईंना काय ते तुम्हीच सांगा.”