लवूला न बसलेला मार

“सायबानू, माका मारा.”

सकाळी ठाण्याच्या पडवीत मी चहाची बशी तोंडाला लावली होती आणि समोर लवू हात जोडून उभा होता. धिप्पाड गडी, पण चेहरा पार उतरलेला.

“मारू? कशाला?”

“ज्यास्त नको. पाठीर चार वळ दिसले की झाला.”

मी बशी खाली ठेवली. फौजदाराच्या नोकरीत लोकांनी माझ्याकडे नाना तऱ्हेच्या गोष्टी मागितल्या, पण मार मागायला आलेला हा पहिला आणि शेवटचा.

पन्नासचं दशक तेव्हा संपत आलं होतं. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. आपल्याकडे दारूबंदी होती. आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा. गोव्याहून होड्यांतून दारू, घड्याळं, सिगारेटी उतरायच्या. त्या सगळ्याला किनाऱ्यावर एकच शब्द होता, ‘माल’. माझं ठाणं अशाच एका बंदरी गावात होतं. नाव सांगत नाही, या गोष्टीतल्या घरांतली माणसं अजून आहेत. मी नवा फौजदार, म्हणजे आजच्या भाषेत सब-इन्स्पेक्टर. नोकरी अजून प्रोबेशनवर, म्हणजे कच्ची. घर वालावलचं, त्यामुळे मालवणी पोटातली. पण खुर्चीत बसलो की पुस्तकी मराठी बोलायचो. युनिफॉर्मबरोबर तीही इस्त्री करून ठेवलेली असे.

चार्ज घेतला त्या दिवशी लॉकअपच्या भिंतीवर खिळ्याला एक चामड्याचा पट्टा टांगलेला दिसला. चांगला तेल पाजून मऊ केलेला. हवालदार राण्यांना विचारलं, हे काय?

“आधीच्या सायबांचो,” राणे म्हणाले.  कशासाठी, ते विचारायची गरज नव्हती. मी पट्टा उचलला आणि मागच्या खाडीत भिरकावला. तरुण होतो, स्वतःवर फार खूश झालो.

राणे शांतपणे म्हणाले, “सायबानू, पट्टो गेलो, पण खिळो रवलो.”

तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं. अर्थ पुढे हळूहळू कळत गेला. कुणी तक्रार द्यायला आला की बगलेत कोंबडा असायचा. मी कोंबडा परत केला की माणूस हिरमुसून जायचा आणि दुसऱ्या दिवशी दोन कोंबडे घेऊन यायचा. नव्या साहेबाचा भाव मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ गावाने काढला होता. मला संताप यायचा. पण राग धरू कुणावर? लोकांनी पोलीस पाहिला होता तोच तसा.

तर लवूची गोष्ट. बंदरात माल उतरल्याची कुणकुण लागली. त्या पहाटे लवूची होडी नेहमीच्या जागी नव्हती, म्हणून त्याला चौकशीला आणलं. तो म्हणाला, होडीला डांबर लावायला पलीकडे ओढली होती. आम्ही जाऊन पाहिलं, खरंच होतं. दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं. कुणी त्याला ‘अरे’च्या पुढे बोललं नव्हतं. राण्यांनी तर आपल्या घरून पेज आणून दिली होती.

नेमकं त्यानंतर दोन दिवसांनी कस्टमवाल्यांनी माडांच्या बागेतल्या गवताच्या उडवीत तो माल पकडला. त्यांना त्यांची खबर होती, आम्हाला पत्ताही नव्हता. पण गावाने सरळ हिशेब घातला.

“लोक म्हणतत, लवू गेलो तसोच इलो,” लवू पडवीच्या पायरीवर टेकत म्हणाला. “आंगार एक वळ नाय. ठाण्यात्सून असो कोण येता? म्हणजे हेनीच माल दाखवल्यान. आता रापणीच्या दोरयेक माका हात लावूक देनत नाय. बायल पाण्याक गेली तर बावीरच्या बायका उठान जातत. खाव काय सायबानू?”

बाव म्हणजे विहीर, आणि रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. निम्मा गाव दोरीला लागतो आणि जो ओढील त्याला माशांचा वाटा मिळतो. दोरी सुटली की वाटा सुटला. लवूची चूल त्या दोरीवर होती.

“मी येतो गावात,” मी ऐटीत म्हटलं. “सगळ्यांसमोर सांगतो, लवूने काही सांगितलेलं नाही.”

लवू ताडकन उठला. “पाया पडतंय, तसा करू नकात! तुमी येवन सांगल्यात म्हणजे उरलेल्यांची पण खात्री होतली!”

राणे आतून हसू दाबत बाहेर आले. मग गंभीर झाले. “सायबानू, मारूक नको. आवाज पुरो.”

मी आधी नाही म्हटलं. पोलीस ठाणं आहे, दशावताराचा रंगमंच नाही, असंही काहीतरी बोललो. पण लवूकडे पाहिलं आणि माझा कायदा तोंडातच विरघळला. त्याला द्यायला माझ्याकडे दुसरं काय होतं? माझा शब्द तर कवडीमोलाचा ठरला होता.

आठवडी बाजाराचा दिवस धरला. भर दुपारी दोन शिपायांनी ‘माल कुणाचो, सांग’ म्हणत लवूला बाजारातून दंडाला धरून आणलं. समोरच्या हॉटेलातली माणसं बाकावरून उठून उभी राहिली. मागच्या खोलीत काथ्याने भरलेली गोणी होती. राण्यांनी बाह्या सरसावल्या आणि गोणीवर काठी घातली.

“आये गे! मेलंय!” लवू किंचाळला.

काय तो आवाज! मी स्वतः दचकलो. दुसरी काठी, तिसरी काठी. “मेलंय तरी सांगूचंय नाय! माका म्हायतच नाय!” काथ्याची धूळ उडून राण्यांना शिंका येऊ लागल्या. एका शिपायाने हसू आवरेना म्हणून टॉवेल तोंडात कोंबला. मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात हॉटेलवाला बाबल दारात आला. हातात वाटी. वाटीत कढत खोबरेल आणि हळद.

“गरम आसा, लगेच लावा तेका,” तो खालच्या मानेने म्हणाला.

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगूक कित्याक व्हया? ह्या ठाण्याच्या समोर हॉटेल घातलंय तेव्हापास्ना वाटी तयारच असता.”

माझं हसू तिथेच थांबलं. आम्ही आत नाटक करत होतो, आणि बाहेर हा माणूस वर्षानुवर्षं खऱ्या पाठींसाठी तेल गरम करत होता. त्या वाटीकडे बघताना मला युनिफॉर्मची लाज वाटली. वाटी मी घेतली. लवूच्या धडधाकट पाठीला राण्यांनी हळद चोपडली.

न्यायला रापणीचा म्होरक्या, तांडेल, स्वतः आला. त्यानेच लवूला दोरीवरून हाकललं होतं. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की अजून विसरलो नाही. मग लवूला म्हणाला, “चल रे बाबा. खांद्यार हात घाल.” लवू लंगडत गेला. पुढचे दिवस त्याला दोरी न ओढता बसून वाटा मिळाला. कधी डाव्या पायाने लंगडायचा, कधी उजव्या. कुणी ते मोजत बसलं नाही.

प्रकरण इथे मिटलं असतं, पण गावात एक गुरुजी होते. काटेकोर माणूस. ते ठाण्यात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “फौजदार, मी आपल्याविरुद्ध वर लिहिलं आहे. निरपराध माणसाला आपण मारलंत. मागून कळायला नको, म्हणून सांगायला आलो.”

गुरुजींना खरं सांगावं, असं जिभेवर आलं होतं. पण त्यांना खोटं बोलता येत नसे. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं आणि लवूची दोरी पुन्हा सुटली असती. मी त्यांना नुसता नमस्कार केला. गुरुजी मान ताठ ठेवून गेले. इतका चांगला माणूस माझ्यावर इतका रागावला, याचं वाईट वाटलं.

रत्नागिरीहून डेप्युटी साहेब एन्क्वायरीला आले. शाळेच्या अंगणात गाव जमलं. लवूला पुढे बोलावलं.

“या फौजदाराने तुला मारलं?”

हो म्हणाला तर माझी कच्ची नोकरी गेली. नाही म्हणाला तर त्याचा वाटा गेला.  लवूने एकदा तांडेलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. 

“नाय सायबानू,” तो म्हणाला. “देवाशपथ सांगतंय. हेनी माका बोट लावूक नाय.”

 आता लवू संपला, असं मला वाटलं. तेवढ्यात मागून तांडेलाचा उसासा ऐकू आला.

“काय सांगतलो गरीब! फौजदार समोर उभो आसा.”

सगळं गाव हळहळलं. एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. लवू घडघडीत खरं बोलला होता आणि त्याच्यावर एकाचाही विश्वास बसला नव्हता, म्हणून तो वाचला. त्याच्याबरोबर मीही.

परतताना जीपमध्ये डेप्युटी साहेब मला म्हणाले, “चांगला पढवलात हो त्याला.”

“सर, मी खरंच मारलं नाही.”

“हो, हो. रिपोर्टमध्ये तसंच लिहितो.”

आता रिटायर होऊन वालावलच्या ओटीवर बसलो की त्या बंदराची फार आठवण येते. पडवीतला चहा, राण्यांच्या शिंका, संध्याकाळी रापण ओढताना येणारी हाळी. ते दिवस चांगले होते असं म्हणवत नाही, पण माझे होते. माझ्या आधीचे पट्टेवाले फौजदार बढती घेत घेत सन्मानाने रिटायर झाले. त्यांच्याविरुद्ध कुणी कधी चिठोरंही लिहिलं नाही, लिहायची छातीच नव्हती. माझ्या सर्व्हिस शीटवर मात्र मारहाणीची एक तक्रार आहे. ती लवूला मारल्याची.

लवू गेला त्याला काही वर्षं झाली. शेवटपर्यंत दर उन्हाळ्यात सुके बांगडे घेऊन यायचा. एकदा मी म्हटलं, “लवू, आता तरी गावात खरं सांगून टाक की.”

“सांगलंय ओ. नातवाकच सांगलंय.”

“मग काय म्हणाला?”

“म्हणता, आजो, अजून फौजदाराक भितंस?”

आम्ही दोघे म्हातारे खूप हसलो. मग लवू उगाच पाय चोळत बसला आणि मला राण्यांचं बोलणं आठवलं. पट्टा मी पहिल्याच दिवशी खाडीत फेकला होता. खिळा काही माझ्या हातून निघाला नाही.