उलट्या बाजूचा निळ्या

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच पुस्तक पूर्ण वाचलं. तेही उलटं.

आज अप्पांचं वर्षश्राद्ध. जेवणं उरकली, पाहुणे आत लवंडलेत. मी गॅलरीतल्या झोपाळ्यावर तेच पुस्तक मांडीवर घेऊन बसलेय.

आमच्या मोशीच्या घरात वरच्या मजल्यावर एक जपानी इंजिनियर भाड्याने राहायचे. चाकणला कंपनीत होते. सगळे त्यांच्या नावाला आपल्या 'राव'सारखं 'सान' जोडायचे, तर अप्पांना वाटलं आडनावच सान आहे.
म्हणून ते सानसाहेब.

सानसाहेब जपानला परत गेले तेव्हा एक जाडजूड कॉमिक मागे ठेवून गेले. मांगा म्हणतात त्याला.

पाच पोरांचा बँड. एरवी स्टेजवर नाचायचं, गायचं, आणि राक्षस आला की सुपरहिरो व्हायचं.
पण आधी केस सेट करायचे हं! तोवर राक्षस बिचारा ऑटोग्राफच्या रांगेत.

मी तेव्हा आठवीत. जपानी कुणाच्या बापाला येतंय? दुपारी जेवण झालं की अप्पा झोपाळ्यावर बसायचे आणि नुसती चित्रं बघून गोष्ट सांगायचे. कव्हरवर हिरोचे केस निळे, म्हणून तो निळ्या.

अप्पांच्या गोष्टीत राक्षस चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचा. निळ्या इंद्रायणीवरून उडत यायचा, आणि वाऱ्याने भांग मोडला म्हणून अर्ध्यातून परत जायचा.

मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलेलं. झोपाळा कुरकुरायचा, अप्पांचा आवाज लांब लांब जायचा. आता सोसायट्या झाल्यात तिथे तेव्हा आमचं वावर होतं. त्या वावरावरून एक निळ्या केसांचा पोरगा गाणं म्हणत जाताना मला दिसायचा.
अजूनही कधी दुपारी डोळा लागला की दिसतो.

आता गंमत ऐका. जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. आम्ही आपलं डावीकडून वाचत होतो.

त्यामुळे आमच्या गोष्टीत निळ्या आधी जायचा. पहिल्याच पानांवर शेवटचं गाणं म्हणून, सगळ्यांना हात करून उजेडात दिसेनासा व्हायचा. मग परत यायचा, लढायचा, नाचायचा. आणि अगदी शेवटी खांद्याला पिशवी लावून, लांबून हात हलवत घराकडे यायचा. दारात त्याची आई उभी.

तिच्या तोंडी अप्पा दरवेळी एकच वाक्य घालायचे.
"आलास व्हय? दे ती पिशवी हिकडं."

या पुस्तकापायीच मी पुढे जपानी शिकले. आज चाकणलाच दुभाषी आहे. समोरचा बोलला तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा माझा जॉब.

जपानी वाचता यायला लागल्यावर एका रविवारी मला शहाणपणा सुचला. अप्पांना खरी गोष्ट वाचून दाखवली, उजवीकडून. निळ्या घर सोडतो तिथून सुरुवात. आईकडे तोंड करून, मागे मागे चालत तो तिला हात करत असतो. आम्हाला इतकी वर्षं तो येतोय असंच वाटत होतं.

लॅपटॉपवर त्याचा अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टूनसुद्धा दाखवला. निळ्याचा आवाज बायकी आहे म्हणून तो त्यांच्या मनातूनच उतरला. पण शेवटपर्यंत बघितला.

"म्हंजी शेवटाला त्यो जातो?"
"हो अप्पा."

पुस्तक माझ्या हातातून घेऊन परत डावीकडून उघडलं. मग म्हणाले, "तुजी गोष्ट खरी आसंल. पन आपुन आपल्याच बाजूनं वाचू."

गेल्या वर्षी अप्पा पिंपरीला हॉस्पिटलमध्ये होते. दोन शब्द बोलले तरी धाप लागायची. मी पुस्तक घेऊन गेले, तर खुणेनेच म्हणाले, शेवटचं पान दाखव.

मी विचारलं, "कुठल्या बाजूचं?"

हसले. माझ्याकडे बघून खरंच हसले.
"घराकडचं."

ते पान बघता बघता त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी गेले.

वर्षभर सगळे मला समजावतायत, गेलेलं माणूस परत येत नसतं गं. बरोबरच आहे. खरी गोष्ट तीच आहे, मी ती जपानीतसुद्धा सांगू शकते.
पण मला अप्पा हवेत. अजून हवेत.

आत्ता दुपार कलतेय. झोपाळा तसाच कुरकुरतोय. डावीकडून एकेक पान उलटत मी शेवटाला आलेय, डोळ्यांवर झापड आहे, आणि लांबून कुणीतरी हात करतंय.

श्रद्धांजली तुम्ही वाहा. मला निरोप द्यायचा नाहीये.

आलात व्हय, अप्पा?
द्या ती पिशवी हिकडं.