चेकर काका आणि माझे झोंबी

चेकर काकांच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात उभी हयात माल तपासण्यात घालवलेला माणूस. शेजारून आलेली पुरणपोळीसुद्धा आधी उजेडात धरून बघायचे. निकाल बहुतेक एकच, ‘रिवर्क’. म्हणजे फेकायचं नाही, नीट करून परत आणायचं. आमच्या चाळीत त्यांची त्यावरून टर उडायची, पण त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मी तेव्हा नोकरी सोडून मोबाइलचा गेम बनवत होते. हिरो डावीकडून उजवीकडे धावणार, वाटेत झोंबी, म्हणजे चालती-फिरती मढी, येणार, त्यांना गोळ्या घालत पुढे जायचं. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. खेळून बघायला काकांशिवाय होतं कोण मला?

पहिल्याच दिवशी ते गेममधल्या नाल्यात सारखे पडले. मी हसून म्हटलं, होईल सवय. त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. त्याचं वरचं पेर प्रेस मशीननं कधीच नेलं होतं. उडीचं बटण मोठं कर, म्हणाले, आपल्याकडे असे अंगठे पुष्कळ आहेत. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बटण मोठं केलं, तर ते गोष्टीवर आले. हा चाललाय कुठे? पुढे, मी म्हटलं. पुढे म्हणजे बदलापूरला? शेवटी हिरोला गाठायला बदलापूरजवळच्या सोनिवलीत एक बहीण दिली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

खरं घोडं अडलं ते चित्रांवर. माझे झोंबी निळ्या गणवेशात, कारखान्याच्या गेटातून पाय ओढत निघालेले. मला त्यांचा कोण अभिमान! काकांनी एकही गोळी झाडली नाही.

“पोरी, ही मेलेली नाहीत. डबल ड्यूटी करून सुटलेली माणसं आहेत. यांना मारू नको, वाट दे.”

मी चिडले, दोन दिवस तिकडे फिरकलेच नाही. मग गोळ्या काढून टाकल्या. हिरो अंग चोरून उभा राहायचा, त्यांना जाऊ द्यायचा आणि मग पुढे पळायचा. गेम वेगळाच झाला, आणि खरं सांगते, तेव्हा तो माझा झाला.

एका कंपनीला तो आवडला. फक्त गोळ्या परत घाला, म्हणाले. घरात मला कुणी विचारत नव्हतं, मी घातल्या. काकांकडे घेऊन गेले. पहिला निळा गणवेश खाली पडला, तसा त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

“ओके.”

मी म्हटलं, काका, पुढचं बघा ना, काहीतरी चूक काढा. ते चहा टाकायला उठले. “आता कशाला? तुझं झालं ना काम.” आवाजात राग नव्हता. तेच जिव्हारी लागलं.

पुढच्या दिवाळीआधी काका वारले. गेम बरा चाललाय, आईही बोलते आता. लोक गेमखाली भरभरून लिहितात, मी एकूणएक वाचते. उड्या, रंग, आवाज, सगळ्याला नावं ठेवतात. पण ती निळ्या कपड्यांतली माणसं कोण होती, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.