मिस्त्रीची डावी बाजू

परतूरला मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथे त्याने भंगारातल्या एका जुन्या जीपची तीन वर्षं खपून अशी काही गाडी केली, की बाजाराच्या दिवशी लोक पिशव्या खाली ठेवून बघत राहायचे. इंजिन एका पिकअपचं, चाकं कमरेएवढी, आणि वर जाड पाइपांचा पिंजरा, म्हणजे गाडी उलटली तरी आतला माणूस चेंगरू नये. मी शाळामास्तर. मला पाना धरायची अक्कल नाही, तरी सुट्टीच्या दिवशी मी तिथेच पडीक असायचो. बायको म्हणायची, अंथरूणही तिकडेच न्या.

वर्षातून तीन-चारदा आम्ही धावड्याकडच्या डोंगरात जायचो. जालन्याहून, संभाजीनगरहून अशाच हौसेने बांधलेल्या पाच-सहा जीपा यायच्या. वाट नाही तिथून गाडी काढायची, एवढाच खेळ. त्यात माझं काम समोर उभं राहायचं. अवघड खडकावर बॉनेट आड येतं आणि ड्रायव्हरला चाकापुढची जमीन दिसत नाही. मग एक माणूस गाडीकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतो आणि हाताने दाखवत जातो. ड्रायव्हरने फक्त त्या हाताकडे बघायचं. समोरासमोर उभं असल्यावर माझी डावी ती ड्रायव्हरची उजवी. बारा वर्षांत हे इतकं अंगात मुरलं होतं, की माझ्या डावीकडे मोकळी जागा दिसली की तोंडातून आपोआप ‘उजवी’ निघायचं.

दिवाळीनंतर मिस्त्रीने मला गॅरेजजवळच्या चहाच्या टपरीमागे नेलं. “गुरुजी, कोणाला बोलू नका. शुगरनं डोळ्याचा पडदा खराब झाला. बीचमधे सगळं काळं दिसून राह्यलं, बाजूबाजूचं दिसतं थोडं. तुमचा हात मला दिसत न्हाई आता.”

“मंग गाडी?”

“ती घळ एकबार काढायची. बस. मंग चावी ठेवून देतो. पण मला ड्रायव्हर म्हणून उतरायचंय, बीमार म्हणून न्हाई.”

ती घळ म्हणजे डोंगराच्या कुशीतला खडकाळ, चढता ओढा. तीनदा त्याने तिच्यात जीप घातली होती आणि तीनदा दोर लावून मागे ओढून काढावी लागली होती. मला काडीची अक्कल असती तर मी त्याला तिथल्या तिथे झापलं असतं. एरवी झापायला मी कधी मागे नसतो. पण मी हो म्हणालो, वर युक्तीही मीच सुचवली. मी शेजारी बसेन आणि हळू आवाजात बाजू सांगेन. बाकीच्यांना सांगू, गुरुजींना एकदा आतून बघायचंय.

जानेवारीत गेलो. हमरस्त्याला मी चालवली, डोंगराशी तो बसला. सकाळचं कोवळं ऊन होतं. घळीत शिरलो आणि मी बोलत राहिलो, थोडी उजवी, सरळ, आता सोडा. तो इंजिनाच्या आवाजावर चालवत होता. एकदाही चाक जागच्या जागी गरगरलं नाही, एकदाही गाडी बंद पडली नाही. इतकं सुंदर मी त्याला डोळे धड असतानाही चालवताना पाहिलं नव्हतं. वर बाकीचे शिट्ट्या मारायला लागले.

शेवटची दोन-तीन हात चढण उरली होती. डावीकडची कड ढासळलेली, उजवीकडे सपाट कातळ. मला सगळं लख्ख दिसत होतं. आणि बारा वर्षांच्या सवयीने मी ओरडलो, “डावी! डावी घ्या मिस्त्री!”

त्याने क्षणभरही विचार न करता डावी घेतली. जीप कडेवर आडवी पडली.

पिंजरा टिकला. माझं कोपर सोलवटलं, त्याला खरचटलंही नाही. सगळे धावत आले. एकजण चिडून म्हणाला, “एवढी मोठी कड दिसली न्हाई का?”

मी तोंड उघडायच्या आत, पट्ट्यात तसाच लोंबकळत मिस्त्री म्हणाला, “न्हाई दिसली. मला दिसतच न्हाई आता. गुरुजीला पण मालूम नव्हतं.”

खोटं बोललं म्हणून पोरांना अंगठे धरून उभं करणारा मी, गप्प बसलो. आजही त्याची लाज वाटते. लोक वाईट वागले असते तर बरं झालं असतं. ते फार चांगले वागले. एकाने त्याचा दंड धरून त्याला खाली नेलं, दुसऱ्याने त्याच्या हातातून चावी घेतली. त्याची जीप दुसऱ्याने चालवत आणली आणि तो मागे बसला.

महिनाभर मी गॅरेजकडे फिरकलो नाही. मग एका दुपारी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, “मी सगळ्यांना खरं सांगतो.”

“कशाला? माझे डोळे वापस येणार हैत का? ते तुम्हाला परत गाडीपुढे उभं करणार न्हाईत फक्त.” मग त्याने पुढे सरकून, माझा चेहरा दिसावा म्हणून मान तिरपी करून विचारलं, “एक सच्ची सांगा. उजवी बोलले असते, तर निघाली असती?”

महिनाभर हाच प्रश्न मला खात होता. मला रडू आलं. म्हटलं, “निघाली असती मिस्त्री. काहीच राह्यलं नव्हतं.”

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. घरातही त्याने तेच सांगितलं होतं, चूक त्याची स्वतःचीच म्हणून. ते आता तो साफ विसरला आणि आतल्या खोलीतल्या बायकोला आनंदाने ओरडून म्हणाला, “सुनती क्या? गुरुजी उजवी बोलते तो घळ निकल जाती थी! खुद बोल रहे!”

भाभी हात पुसत दारात आल्या. त्या त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.