तळ्यावरचा दोर

सडकेवर डांबर उकळू लागलं की मला जव्हारचं तळं आठवतं. संस्थान विलीन झालं आणि राजाची सहलीची होडी वडिलांच्या कचेरीच्या ताब्यात आली. वहिनी खाडीकाठच्या, लग्न होऊन आमच्या डोंगरावर आल्यापासून सुकत चालल्या होत्या. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा वल्हवायची परवानगी मिळाली. आईची अट एकच होती, होडीला डांबर लावलेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक मी काठावर धरायचं. वहिनी जोरात वल्ही मारायच्या, दोर ताणला की होडी हिसका खाऊन थांबायची. एकदा त्या तिथूनच ओरडल्या, "वन्सं, सोडा की! तळ्यातून माहेरी थोडीच जाता येतंय?" "आई मला फाडून खाईल!" मी म्हटलं. "मग बसा तशाच!" म्हणत त्यांनी होडीकडची गाठ सोडली आणि सपासप पलीकडे गेल्या. तिथे नागलीच्या शेतांचा उतार, त्यामागे पुन्हा डोंगर. खाली न उतरता त्या नुसत्या बघत बसल्या. मग परत आल्या, ओला दोर माझ्याकडून घेतला आणि स्वतःच होडीला घट्ट बांधला. "धरा," म्हणाल्या, "तिकडून समुद्र दिसेल असं वाटलं होतं." आजही डांबराचा वास आला की माझी मूठ आपोआप आवळते.